फिजोआचं पंचामृत

धंद्याला सोशल मीडियाचा उपयोग होतो का, असं हल्ली मला कुणी विचारलं की मी पाणी पिते आणि विषय बदलते. आणि हेच माझं पोट भरायचं काम आहे, बरं का! ऑकलंडमधल्या माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात बसून मी दिवसभर दुसरं काही करत नाही. प्लंबर, दातांचे डॉक्टर, कुत्र्यांचे केस कापणारे, सगळ्यांसाठी छोट्या छोट्या पोस्टी लिहिते. दोन ओळी, एक फोटो, झालं. महिन्यातून एकदा छोट्या धंदेवाल्यांपुढे उभी राहून भाषणही ठोकते. त्या भाषणात पूर्वी शकुमावशींची एक स्लाइड असायची. चार महिन्यांत डबे तीसवरून सत्तरवर, असा चढता आलेख. ती स्लाइड मी काढून टाकली. का काढली ते ऑफिसात सांगून कुणाला कळायचं नाही. तिथे श्राद्ध म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल.

शकुमावशी पापाकुराला राहतात, स्टेशनापासून चालत दहा मिनिटं. वय चौसष्ट, उंची बेताची, पायात बारा महिने जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, थंडीत त्यातच मोजे. मूळच्या चिंचवडच्या. नवरा बाळासाहेब तिथल्या एका कारखान्यात फिटर होते. मुलगा संग्राम इंजिनीयर होऊन इकडे आला, त्यानं आईवडिलांना बोलावून घेतलं, आणि ते इथे नीट स्थिरावतात न स्थिरावतात तोच पगार जास्त म्हणून स्वतः ब्रिस्बेनला निघून गेला. "आई, तुम्हीपण चला," म्हणाला. मावशी म्हणाल्या, "तू हो पुढे. माझं गॅरेज आत्ताच कुठे लागतंय मार्गाला." त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती. कौन्सिलची रीतसर परवानगी काढून तिथे त्यांनी स्वयंपाकघर थाटलं होतं. स्टीलची टेबलं, दोन मोठ्या शेगड्या आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेली एक लांब वही.

त्या वहीत हिशोब नव्हते, माणसं होती. सिद्धी: शेंगदाणा अजिबात नाही. देवव्रत: रात्रपाळी, भात नको, पोळ्या जास्त. अमक्याच्या सासूबाई येणार, महिनाभर तिखट कमी. ऑर्डर फोनवरच घ्यायची, आणि माणूस सांगेल तेवढंच लिहायचं, "का" म्हणून विचारायचं नाही, ही मावशींची पद्धत. कुणी डिंकाचे लाडू सांगितले तर कुणाला दिवस गेलेत की कुणाची कंबर दुखतेय हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि कळलं तर दुसऱ्या घरी कधी बोलल्या नाहीत. आपल्या बायकांना एकमेकींच्या घरातलं जेवणावरून बरोबर कळतं. मावशींना तर सगळ्या साउथ ऑकलंडचं कळत होतं. पण त्या तोंडातून शब्द बाहेर पडेल तर शपथ!

हे मी ऐकीव सांगत नाही. मी ठाण्याहून इथे शिकायला आले तेव्हापासून त्यांचा डबा खातेय. लग्न झालं, डबा दोन माणसांचा झाला. पाच वर्षांपूर्वी माझा नवरा, क्षितिज, घर सोडून गेला. मी मावशींना फोन करून एवढंच म्हटलं की उद्यापासून पोळ्या जरा कमी पाठवा. दुसऱ्या दिवशी एका माणसाचा डबा आला. वर एक छोटी वाटी होती, त्यात साजूक तुपातला शिरा. विचारपूस नाही, उसासे नाहीत, काही नाही. आठ महिन्यांनी मी स्वतः गणपतीच्या कार्यक्रमात चारचौघींना सांगितलं तेव्हा सगळ्या चाट पडल्या. एकजण म्हणाली, "अगं, मी शकुमावशींना विचारलं होतं, दोघं दिसत नाहीत हल्ली एकत्र. तर म्हणाल्या, मला काय माहीत बाई, मी पोळ्या लाटते." मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते त्या दिवशी. या बाईसाठी आपण काहीतरी करायचं, असं तेव्हाच मनाशी ठरवलं.

आणि मी काय केलं? मला जे एकच काम येतं, ते केलं.

गेल्या वर्षी डिसेंबरात मी 'शकुचा डबा' नावाचं खातं उघडलं. मावशींना म्हटलं, तुम्ही फक्त रोज संध्याकाळी उद्या काय आहे ते मला फोनवर सांगायचं, बाकी माझ्यावर सोडा. त्या आधी नकोच म्हणाल्या. "अगं, खाणाऱ्याला माहीत आहे की मी काय करते. न खाणाऱ्याला कशाला सांगायचं?" मी म्हटलं, मावशी, न खाणाऱ्यालाच तर सांगायचं असतं! बाळासाहेब हसले, म्हणाले, "करू दे गं पोरीला." मग त्या तयार झाल्या, पण एक अट घालून.

"मी सांगेन तेवढंच टाकायचं. मी सांगितलं नाही त्या दिवशी काही टाकायचं नाही."

"डन," मी म्हटलं. "स्वीट अ‍ॅज." इथे 'एकदम मान्य'ला असंच म्हणतात.

पोस्टी मी मावशींच्या बोलण्यातच लिहायची. "शनिवारच्या बाजारात सामोअन बाईकडे अळू छान मिळालं. दांड्या सोलल्या, मुळा चिरला. या जेवायला." किंवा "आज पाऊस. मुगाची खिचडी. पापड तुमचे तुम्ही भाजा." बस, एवढंच. लोकांना काय आवडलं बाई ते! वेलिंग्टनहून, क्राइस्टचर्चहून लोक लिहायचे की वाचूनच पोट भरलं. फेब्रुवारीपर्यंत फ्लॅट बुश, पापाकुरा, पार मनुकाऊपर्यंत डबे जायला लागले. बाळासाहेबांची जुनी टोयोटा सकाळी दोन फेऱ्या मारायला लागली. मावशी दमायच्या, पण खूश होत्या. ब्रिस्बेनहून संग्रामसुद्धा प्रत्येक पोस्टीवर लाल बदामाचं चिन्ह टाकायचा.

त्या खात्याची सगळ्यात पक्की वाचक होती विभावरीआजी. वय एकोणऐंशी, फ्लॅट बुशला मुलीकडे, प्रमोदिनीताईंकडे राहायच्या. आजींचं हृदय दुबळं झालेलं, घराबाहेर पडणं बंद. नातीनं, श्रियानं, त्यांना टॅबलेटवर खातं काढून दिलं होतं. त्या रोजची पोस्ट मोठ्यांदा वाचायच्या आणि खाली एक तरी सूचना लिहायच्या. "कोथिंबीर वडीत ओवा घालावा." "कढी उकळू नये." मी मुद्दाम एखादी बारीकशी चूक करायची, त्या ती बरोबर पकडायच्या, आणि मला वाचकसंख्या मिळायची. श्रिया मला एकदा भेटली तर म्हणाली, "Aji reads you heaps. She waits for it." मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू.

एप्रिलच्या सुरुवातीला आजींचा मुलगा गुरुनाथ पुण्यात वारला. बासष्ट वर्षांचा धडधाकट माणूस, सकाळी फिरायला गेला आणि परत आला नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. आजींची हृदयाची झडप बदलायची होती, मे महिन्याच्या शेवटची तारीख मिळाली होती, आणि त्यांना कसलाही धक्का बसता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रमोदिनीताईंनी ठरवलं की ऑपरेशन होऊन आई घरी येईपर्यंत तिला सांगायचं नाही. "दादाच्या घशाचं छोटं ऑपरेशन झालंय, दोन महिने बोलायचं नाही, मेसेज करेल," असं त्यांनी आईला सांगितलं. पुण्याहून भाचा बापाच्या फोनवरून रोज आजीला चार ओळी पाठवायचा. त्या पोरानं ते कसं केलं असेल, देव जाणे.

मे महिन्यात गुरुनाथला जाऊन महिना झाला. पुण्यात मासिक श्राद्ध होतं. प्रमोदिनीताईंना वाटलं, आपण इथे निदान दादाच्या नावानं एक पान वाढावं. घरी शक्य नव्हतं, म्हणून एका मैत्रिणीकडे वाढायचं ठरवलं, आणि स्वयंपाक शकुमावशींना सांगितला. हे सगळं माहीत असणारी घराबाहेरची माणसं दोनच, ती मैत्रीण आणि मावशी. मावशींनी नेहमीप्रमाणे वहीत एवढंच लिहिलं, "प्रमोदिनी, फ्लॅट बुश, नऊ पानं, गुरुवार." खाली पदार्थ. आणि त्या आठवड्यात त्यांनी मला संध्याकाळचा फोन केला नाही.

सोमवारी नाही, मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. आता बघा, मावशींनी स्पष्ट सांगितलेलं होतं, की मी सांगितलं नाही तर टाकायचं नाही. पण मला काय झालं होतं? आकडे पडत होते. तीन दिवस पोस्ट नाही म्हटल्यावर वाचणारे कमी होतात, तो आलेख खाली येतो, आणि शुक्रवारी माझं भाषण होतं. माझा जीव त्या आलेखात अडकला होता. गुरुवारी सकाळी ऑफिसला जाताना मी माझा डबा घ्यायच्या निमित्तानं गॅरेजमध्ये घुसले.

मावशी मागे नळावर भांडी विसळत होत्या. टेबलावर डबे उघडे होते. तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, कारल्याची भाजी, अळू, कढी. आणि एका काचेच्या बाउलमध्ये काहीतरी हिरवट पिवळं, वर तीळ आणि खोबरं.

"हे काय नवीन?" मी ओरडून विचारलं.

"पंचामृत," मावशी तिकडूनच म्हणाल्या. "पेरूचं करतात. पेरू कुठे मिळायला इथे, म्हणून शेजारच्या पीटरनं बादलीभर फिजोआ दिले होते, त्याचं केलं. तुझा डबा फळीवर आहे, घे आणि जा बाई. आज मला बोलायला वेळ नाही."

फिजोआचं पंचामृत! माझ्या डोक्यात घंटाच वाजली. इथे एप्रिल-मेमध्ये या पेरूसारख्या हिरव्या फळाचा नुसता पाऊस असतो, प्रत्येक कुंपणाबाहेर "फुकट न्या" लिहिलेली खोकी असतात, आणि लोकांना त्याचं करायचं काय ते कळत नाही. यापेक्षा मोठी पोस्ट मिळणार कुठे? मी पटकन फोटो काढला, वहीत एक नजर टाकली, आणि ट्रेनमध्ये बसल्या बसल्या लिहून टाकलं: "आजचं पान: तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी आणि चक्क फिजोआचं पंचामृत! पेरू नाही म्हणून कुणाचं अडतंय का? फ्लॅट बुशकरांची आज चैन आहे."

तुम्ही म्हणाल, अगं बये, खीर, वडे, आमसुलाची चटणी, कारलं, हे एकत्र दिसल्यावर तुला कळलं नाही? नाही कळलं. आमच्या घरी श्राद्ध-पक्ष काही नव्हतं. बाबांना पटायचं नाही, ते त्या दिवशी एका वसतिगृहाला धान्य द्यायचे आणि मोकळे व्हायचे. मला खीर म्हणजे खीर आणि वडा म्हणजे वडा. आणि खरं सांगायचं तर कळायची सोयही झाली होती. दुपारी एका बाईनं खाली लिहिलं, "हे श्राद्धाचं पान वाटतंय." मी दीडशहाणीनं काय उत्तर द्यावं? "अहो, चव बघा, तिथी कशाला बघताय!" आणि पुढे हसरा चेहरा.

पोस्ट तुफान चालली. शुक्रवारच्या भाषणात मी ती पडद्यावर मोठी करून दाखवली, टाळ्या घेतल्या. शनिवारी सकाळी नाचत नाचत मावशींकडे गेले, एकोणीस नव्या लोकांनी डबा विचारला होता ते सांगायला. मावशी कणीक मळत होत्या. त्यांच्याकडे ते अ‍ॅप नव्हतंच, त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी हाताच्या मागच्या बाजूनं चष्मा वर सरकवला आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे कधी टाकलंस?"

"गुरुवारी. का हो?"

"खोड आधी ते."

"अहो मावशी, पण नऊशे लोकांनी..."

"अनुया, खोड म्हटलं ना!"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मी खोडलं. मावशी कणकेच्या हातांनी तशाच स्टुलावर बसल्या आणि तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. गुरुनाथ गेला, आईपासून लपवलंय, ऑपरेशन वीस दिवसांवर आहे. पेरूचं पंचामृत त्यालाच लागायचं. बाकी घरात कुणी खात नसे, आई त्याच्या एकट्यासाठी करायची. म्हणून प्रमोदिनीताईंनी मुद्दाम ते करायला सांगितलं होतं.

"आजींनी पाहिलं नसेल कदाचित," मी म्हटलं. रोजच्या पोस्टीखाली सूचना लिहिणाऱ्या आजींनी त्या पोस्टीखाली मात्र काहीच लिहिलं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं ते तेव्हा.

मावशी काही बोलणार तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. हात भरलेले, म्हणून त्यांनी नेहमीसारखं कोपरानं स्पीकरवर टाकलं.

"शकु, मी विभावरी बोलतेय."

"बोला काकू. बरं आहे ना?"

"बरं आहे. प्रमोदिनी बाजारात गेली आहे म्हणून केला फोन. तू फिजोआचं पंचामृत केलंस म्हणे."

"हो काकू."

"चव आली का गं पेरूची?"

"साधारण आली. जरा आंबट होतं, गूळ वाढवला."

"पुरलं का पानाला? त्याला दोनदा लागायचं."

मावशींनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटत होतं की आत्ताच्या आत्ता बाहेर पळावं.

"काकू," मावशी म्हणाल्या.

"तू काही बोलू नकोस. मला कळलं. पान वाचलं आणि कळलं. त्याच्या मेसेजमध्ये तो मला 'आई, काळजी घे' लिहितो हल्ली. जन्मात कधी लिहिलं नाही मेल्यानं असं. प्रमोदिनी महिनाभर माझ्यासमोर हसते आहे गं. बाथरूमचा नळ सोडून रडते. मला वाटायचं, जावयाशी भांडली असेल. तिला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. तिनं एवढं काळजावर दगड ठेवून लपवलंय, ते वाया गेलं असं तिला वाटायला नको. ऑपरेशन होऊ दे. मग ती मला सांगेल, मग आम्ही दोघी बसून रडू."

"बरं काकू."

"आणि ती तुझी लिहिणारी पोरगी आहे ना, तिला रागावू नकोस. तिला काय कल्पना."

फोन बंद झाला. मी हमसाहमशी रडायला लागले. म्हटलं, मावशी, मी जाते, त्यांचे पाय धरते. मावशी उठल्या, हात धुतले, पदराला पुसले.

"कुठेही जायचं नाही. तुला हलकं वाटावं म्हणून त्यांच्या जिवाला अजून त्रास द्यायचा? तू गेलीस की प्रमोदिनीला कळेल. गप्प बसायचं." मग म्हणाल्या, "माझंही चुकलं. वही भिंतीवर उघडी होती, डबे उघडे होते. तुला घरात घेतलं तेव्हा सांगायला हवं होतं."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा डबा हातात दिला, शनिवारी मला आवडते म्हणून भरली वांगी केली होती, आणि त्या पुन्हा कणकेला लागल्या.

पुढचे वीस दिवस रोज अकराच्या सुमाराला, प्रमोदिनीताई कामावर आणि श्रिया शाळेत असताना, आजींचा मावशींना फोन यायचा. मुलगा गेलेली आई घरातल्या कुणासमोर रडू शकत नव्हती, म्हणून ती पापाकुराच्या गॅरेजमध्ये फोन करून रडायची. मावशी शेगडी बंद करायच्या, दार लावायच्या आणि ऐकायच्या. सत्तर डबे उशिरा गेले तरी चालतील, पण तो फोन त्यांनी एकदाही चुकवला नाही. लोकांनी तक्रारी केल्या, डबा गार येतो म्हणाले, काहींनी बंद केला. मावशींनी कुणाला कारण सांगितलं नाही. एकदा मी सुट्टी घेऊन तिथे होते. फोनवर आजी गुरुनाथच्या मुंजीतली काहीतरी गंमत सांगत होत्या, हसत होत्या आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. मावशी म्हणाल्या, "रडा काकू, मी आहे." मी बाहेर अंगणात जाऊन कुंपणापाशी उभी राहिले. पीटरच्या झाडाखाली फिजोआ सडून पडले होते.

आणि संध्याकाळी त्याच आजी मुलीसमोर टॅबलेट धरून म्हणायच्या, "बघ, गुरूचा मेसेज आला. बरा होतोय." हे मला नंतर प्रमोदिनीताईंनीच सांगितलं.

मी रोज एक पोस्ट टाकत राहिले. मावशी म्हणाल्या, एकदम बंद केलंस तर प्रमोदिनीला शंका येईल. त्या सांगायच्या, मी शब्दाला शब्द लिहायची. "आज फ्लॉवर-बटाटा." आजीही खाली लिहायच्या, "फ्लॉवर आधी मिठाच्या पाण्यात ठेवावा." इतरांना ते जुनंच गोड खातं दिसत होतं. आम्हा तिघींना मात्र एकेक ओळ लिहिताना काय होत होतं ते आमचं आम्हाला माहीत.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी आजी बोलल्या, चहा मागितला. प्रमोदिनीताईंनी ठरवलं होतं, घरी आणलं की चार दिवसांनी सांगायचं. तिसऱ्या दिवशी पहाटे आजी गेल्या.

आठवड्यानं प्रमोदिनीताई गॅरेजमध्ये आल्या, तेराव्याचा स्वयंपाक सांगायला. मी तिथे पोळ्यांच्या पिशव्या बांधत होते. ताई खूप खंगल्या होत्या, पण चेहऱ्यावर एक प्रकारची शांतता होती. मावशींनी वही काढली. ताईंनी पदार्थ सांगितले, मावशींनी लिहिले, "का" विचारायचा प्रश्नच नव्हता.

"शकुमावशी, एका गोष्टीचं मात्र मला समाधान आहे," ताई म्हणाल्या. "आईला दादाचं शेवटपर्यंत कळलं नाही. दादा बरा होतोय, याच आनंदात गेली ती. नाहीतर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं."

मावशींची पेन्सिल थांबली. मला वाटलं, आता त्या सांगतील. कुणीतरी सांगायला हवं होतं, की तुमच्या आईला सगळं कळलं होतं, तिला तुमच्याजवळ बसून रडायचं होतं, त्यासाठीच ती ऑपरेशनला हसत गेली. की तुम्ही दोघी एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, एकाच माणसासाठी वेगवेगळ्या रडत होतात, आणि ते माझ्यामुळे. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं.

"हो गं बाई," त्या ताईंना म्हणाल्या. "सुखात गेल्या काकू."

ताईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "अनुया, आईला तुझ्या पोस्टी फार आवडायच्या. तेवढाच तिचा विरंगुळा होता गं. तिच्यावर दोन ओळी लिहिशील? तिथेच, त्या पानावर?"

मी नाही कशी म्हणणार?

निघताना मावशी ताईंना दारापर्यंत सोडायला गेल्या. दुःखाच्या घरचं माणूस, म्हणून "या" म्हणाल्या नाहीत, नुसता हात दाबला. मी स्टुलावर बसून फोन काढला. रोज कुत्र्यांच्या दुकानासाठी मिनिटात चार पोस्टी पाडणारी मी, मला त्या दोन ओळींना एक तास लागला. "विभावरीआजी गेल्या. आमच्या प्रत्येक पदार्थात काय कमी आहे ते त्यांना लांबून कळायचं." मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "टाक." तीच 'शकुचा डबा'ची शेवटची पोस्ट. त्यानंतर मावशी पुन्हा फोनवर ऑर्डरी घ्यायला लागल्या, डबे पुन्हा तीसवर आले, आणि त्यांनी मला आजतागायत त्याबद्दल एक शब्दही ऐकवलेला नाही.

ट्रेनमध्ये बसले तेव्हा त्या पोस्टीखाली पहिलं उत्तर आलं होतं. प्रमोदिनीताईंचं. "धन्यवाद अनुया. आईला काहीच कळलं नाही, सुखात गेली, एवढंच समाधान."

मी कितीतरी वेळ ते वाचत राहिले. मग त्याच्यावर लाल बदाम दाबला आणि फोन पिशवीत टाकला.